स्वप्रतिपिंडे आणि परिघीय मज्जातंतू : पुराव्याचा आढावा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘तंजावरची गोळी’ या नावाचे एक औषध दक्षिण हिंदुस्थानात ख्यातनाम होते. सर्पदंशावर आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर ते दिले जाई, आणि कंपनी सरकारच्या नोकरीतील निसर्गशास्त्रज्ञ पॅट्रिक रसेल याने १७९६ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानातील सर्पांविषयीच्या ग्रंथात त्याची चर्चा करावी, इतका त्याचा बोलबाला झाला होता. या गोळीत सोमल असे. सोमलाची मात्रा अधिक झाली म्हणजे काही दिवसांनी तळहातांना आणि तळपायांना मुंग्या येतात, मग बधिरता चढते, मग पाय शक्तिहीन होतात. आणि हे चित्र कधी कधी प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या व्याधीशी इतके मिळतेजुळते असते की अनुभवी वैद्यही फसावा. पुढे १९०७ साली निलगिरीच्या पहाडात कुन्नूर येथे पाश्चर इन्स्टिट्यूट स्थापन झाले, आणि १९११ च्या सुमारास कसौलीच्या प्रयोगशाळेत डेव्हिड सेंपल याने मेंढीच्या मेंदूत वाढविलेल्या विषाणूपासून तयार केलेली लस सर्व देशात रूढ झाल्यावर, कुत्रे चावलेल्या माणसाच्या नशिबी पोटात चौदा सुया आल्या. त्या लशीने असंख्य जीव वाचविले, ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे. परंतु थोड्या लोकांना सुया चालू असताना किंवा संपल्यावर काही दिवसांनी पक्षाघात होई. बहुतेकांत मेंदू आणि मज्जारज्जू बाधित होत, काहींत मात्र केवळ हातापायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचीच शक्ती जाई. थायलंडमधील अशा रुग्णांच्या अभ्यासात, १९८७ साली, मज्जावरणातील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्या शरीरात आढळली. मेंढीच्या मेंदूतील द्रव्ये माणसाच्या मज्जासंस्थेतील द्रव्यांसारखीच असल्यामुळे, लशीबरोबर आलेल्या परक्या मज्जेविरुद्ध उभी राहिलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्या मज्जेवरही चालून गेली होती.

एकाच दंशावरचे हे दोन उपाय, आणि दोहोंनीही क्वचित्प्रसंगी मज्जातंतूंची हानी केली. परंतु पहिल्यात विष स्वतःच तंतूपर्यंत पोहोचले, तर दुसऱ्यात बाहेरून आलेले द्रव्य केवळ निमित्त ठरले आणि हानी रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारसंस्थेने केली. या दुसऱ्या मार्गाचा, म्हणजे स्वप्रतिपिंडे परिघीय मज्जातंतूंना इजा कशी करतात या प्रश्नाचा, गेल्या चाळीस वर्षांत पुष्कळ उलगडा झाला आहे. तथापि ‘शरीर स्वतःवरच उलटते’ या एका वाक्यात तो आटोपण्याची जी सवय लोकप्रिय लेखनाला लागली आहे, तिने या संशोधनातील सर्वांत मोलाची गोष्ट झाकली जाते. प्रतिपिंड कोणत्या रेणूला चिकटते, तो रेणू तंतूच्या नेमक्या कोणत्या भागी असतो, आणि प्रतिपिंड कोणत्या वर्गाचे आहे, या तीन गोष्टींवर रोगाचे स्वरूप, त्याची गती आणि त्यावरचा उपाय हे सारे अवलंबून असते. म्हणून एका रुग्णाला तारणारे औषध दुसऱ्याला निरुपयोगी, आणि प्रसंगी अपायकारक ठरते.

रक्तात एखादे प्रतिपिंड सापडले म्हणजे तेच रोगाचे कारण, असे मानता येत नाही. अर्न्स्ट विटेब्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली स्वप्रतिकारजन्य रोग ओळखण्याच्या ज्या कसोट्या मांडल्या, त्यांना पुढे मुरड घालून आज साधारणतः अशी अपेक्षा केली जाते की प्रतिपिंडाचे लक्ष्य असलेला रेणू ओळखलेला असावा, त्या रेणूने प्राण्यास संवेदित केले असता तोच रोग व्हावा, रुग्णाचे प्रतिपिंड निरोगी प्राण्याच्या शरीरात सोडले असता तीच हानी दिसावी, आणि रक्तातून ते काढून टाकले असता रुग्णास उतार पडावा. या कसोट्या किती आवश्यक आहेत हे तंजावरच्या मुलखात राहणाऱ्यास दूर जाऊन शिकावे लागत नाही. कुंभकोणमजवळ साक्कोट्टै येथील सेक्रेड हार्ट कुष्ठरोग केंद्रात पिढ्यान्‌पिढ्या जे रुग्ण आले, त्यांच्याही मज्जातंतूंची हानी पुष्कळ अंशी प्रतिकारसंस्थेच्या प्रक्षोभानेच होते, आणि त्यांच्या रक्तात जंतूविरुद्धची प्रतिपिंडे विपुलही असतात. परंतु ज्या ‘प्रतिक्रिये’त एका रात्रीत हात वाकडा होतो किंवा पाय घसरू लागतो, ती मुख्यतः टी-पेशींची करणी असते, प्रतिपिंडांची नव्हे. प्रतिपिंडांची उपस्थिती आणि त्यांचा अपराध या दोन वेगळ्या बाबी आहेत.

आता ज्या जागी हा प्रसंग घडतो तिची थोडी माहिती. परिघीय मज्जातंतूतील प्रत्येक जाड अक्षतंतूभोवती श्वान पेशींनी मायेलिनचे वेष्टन गुंडाळलेले असते, आणि ते सलग नसून दर मिलिमीटरच्या आतबाहेर तुटलेले असते. फ्रेंच शास्त्रज्ञ रान्व्हिए याने १८७० नंतरच्या दशकात वर्णिलेल्या या उघड्या जागांना नोड म्हणतात. नोड हा एका मायक्रोमीटरच्या आसपास लांबीचा, परंतु सारे वहन त्याच्यावर चालते. कारण सोडियमचे आयन आत घेणारी द्वारे तेथे दाटीने बसविलेली असतात, आणि विद्युत्‌संदेश वेष्टित भाग ओलांडून एका नोडवरून दुसऱ्यावर झेपावत जातो. नोडच्या दोन्ही बाजूंस मायेलिनची टोके अक्षतंतूला घट्ट जोडलेली असतात; ही जोडणी श्वान पेशीकडील न्यूरोफॅसिन-१५५ आणि अक्षतंतूकडील काँटॅक्टिन-१ व कॅस्पर-१ या प्रथिनांनी साधलेली असते. शिवाय पटलाच्या बाह्यांगावर गँग्लिओसाइड नावाची शर्करायुक्त मेदद्रव्ये असतात. जीएम१, जीडी१ए, जीक्यू१बी ही त्यांतील या विषयात पुनःपुन्हा येणारी नावे. रक्त आणि मज्जातंतू यांच्यामध्ये एक अडसर असतो खरा, परंतु मज्जारज्जूतून मुळे बाहेर पडतात तेथे आणि स्नायूशी तंतूचा शेवट होतो तेथे तो दुबळा असतो, व म्हणून रक्तातील प्रतिपिंडांना पहिला शिरकाव या दोन ठिकाणी मिळतो. रुग्णाला प्रथम पाठीत किंवा मांडीत कळा का येतात, आणि स्नायूंची शक्ती जाताना वहनाची पहिली विकृती तंतूच्या दोन टोकांशी का सापडते, याची संगती या रचनेतून लागते.

जीन लाँद्री याने १८५९ साली वर चढत जाणाऱ्या पक्षाघाताचे वर्णन केले, आणि १९१६ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, गियाँ, बारे आणि स्त्रोल यांनी दोन सैनिकांची हकीकत प्रसिद्ध करून त्यांच्या मज्जाद्रवात प्रथिने वाढलेली असूनही पेशी वाढलेल्या नाहीत हे दाखविले. गियाँ-बारे विकार, वृत्तपत्रांच्या भाषेत जीबीएस, हे नाव त्यावरून पडले. स्त्रोल, ज्याने विद्युत्‌परीक्षा केली होती, त्याचे नाव मागे राहिले. वाक्समन आणि अ‍ॅडम्स यांनी १९५५ साली सशांना मज्जातंतूंचा अर्क टोचून असाच रोग निर्माण केला, आणि त्या प्रयोगात लिंफपेशींचे आक्रमण इतके ठळक होते की पुढील तीन दशके प्रतिपिंडांचा विचार गौण मानला गेला. त्या काळातील पाठ्यपुस्तके जीबीएस हा एकच रोग मानीत, आणि तो मायेलिनचा रोग होय असे सांगत.

हा समज मोडला तो उत्तर चीनच्या खेड्यांतून. दर उन्हाळ्यात हेबै प्रांतातील मुले अचानक लुळी पडत, आणि १९९० च्या सुमारास चिनी व अमेरिकन वैद्यांच्या पथकाने त्यांच्या मज्जातंतूंची परीक्षा केली तेव्हा मायेलिन शाबूत आणि प्रत्यक्ष अक्षतंतू हतबल असे अनपेक्षित दृश्य दिसले. १९९१ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. दगावलेल्या थोड्या रुग्णांच्या शवपरीक्षेत प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने नोडच्या उघड्या पटलावर चिकटलेली आढळली, आणि भक्षक पेशी मायेलिन सोडून त्याच्या आतल्या बाजूला, अक्षतंतूच्या सान्निध्यात, शिरलेल्या आढळल्या. अशा शोधांच्या मुळाशी बहुधा रुग्णांची बारकाईची नोंद असते. तंजावरचे सरफोजी महाराज (१७९८–१८३२) यांच्या प्रेरणेने धन्वंतरी महालात औषधांची परीक्षा होई, आणि नेत्ररुग्णांची वृत्ते, त्यांच्यावरील उपचार व परिणाम यांसह, लिहून ठेवली जात. ती वृत्ते आजही वाचावयास मिळतात, यात मला या गावच्या मराठी परंपरेचा राज्यकारभाराहून मोठा वारसा दिसतो. हेबैच्या वैद्यांनीही मूलतः हेच केले : ऋतू, वय, गाव आणि पाण्याची सोय यांची नोंद ठेवली. त्या नोंदींतून अतिसाराकडे बोट गेले.

अतिसाराचा जंतू म्हणजे कँपायलोबॅक्टर जेजुनी, जो कोंबड्यांच्या आतड्यांत सुखाने राहतो आणि कच्च्या मांसातून किंवा दूषित पाण्यातून माणसात येतो. १९९३ साली जपानी संशोधक नोबुहिरो युकी याने दाखविले की जीबीएसच्या रुग्णापासून मिळालेल्या या जंतूच्या बाह्यावरणावरील शर्करेची रचना जीएम१ गँग्लिओसाइडच्या शर्करेसारखी आहे. दरबारी कागदावरील मोहोर आणि तिची हुबेहूब नक्कल यांत शिपायाला फरक ओळखता येऊ नये, तसा येथे प्रकार होतो : जंतूवरील शर्करेविरुद्ध योग्य रीतीने तयार झालेले प्रतिपिंड त्याच शर्करेने मुद्रित असलेल्या स्वतःच्या मज्जातंतूलाही शत्रू समजते. २००४ साली युकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या जंतूच्या मेदशर्करेने सशांना संवेदित केले; सशांच्या रक्तात जीएम१-विरोधी प्रतिपिंडे उत्पन्न झाली, आणि त्यांची हातपाय हलविण्याची शक्ती गेली. त्यापूर्वी युरोपात मज्जातंतूंच्या दुखण्यांवर गाईच्या मेंदूतील गँग्लिओसाइडांची इंजेक्शने देण्याचा प्रघात होता, आणि काही रुग्णांना त्यानंतर जीबीएस झाल्याने तो बंद पडला होता. सशांचा प्रयोग त्या दुर्घटनांशीही जुळतो. विटेब्स्कीच्या कसोट्यांना इतक्या पूर्णपणे उतरलेला दुसरा स्वप्रतिकारजन्य मज्जाविकार मला तरी ठाऊक नाही. जंतूच्या एकाच जनुकातील, सीएसटी-दोन नामक जनुकातील, ५१ व्या स्थानी एक अमिनो आम्ल बदलले की तो जंतू जीएम१-सदृश शर्करेऐवजी जीक्यू१बी-सदृश शर्करा घडवू लागतो, आणि मग रोगही बदलतो : पाय लुळे न पडता डोळे फिरेनासे होतात, तोल जातो आणि गुडघ्याचे प्रतिक्षेप नाहीसे होतात. १९५६ साली मिलर फिशरने वर्णिलेला हाच तो प्रकार. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत जीक्यू१बी-विरोधी प्रतिपिंडे सापडतात, आणि डोळे हलविणाऱ्या मज्जातंतूंत जीक्यू१बी विपुल असते.

प्रतिपिंड नोडवर चिकटल्यानंतर काय घडते, याचा क्रम पुष्कळसा निश्चित झाला आहे, आणि ग्लासगो येथील ह्यू विलिसन यांच्या प्रयोगशाळेने त्यात मोठा वाटा उचलला आहे. जीएम१-विरोधी प्रतिपिंडे बहुतांशी आयजीजी-१ आणि आयजीजी-३ या वर्गांची असतात, आणि या वर्गांना रक्तातील पूरक प्रथिनांना कामास लावण्याची शक्ती असते. सी१क्यू हे पहिले पूरक प्रथिन प्रतिपिंडाच्या बुडख्याला बिलगते, मग सी४, सी२, सी३ आणि सी५ एकामागून एक सक्रिय होतात, आणि अखेर पाच घटकांचे एक वलय पटलाला भोक पाडते. त्या भोकातून कॅल्शियम आत घुसते. कॅल्शियममुळे कॅल्पेन नावाचे विकर जागे होऊन अक्षतंतूची अंतर्गत चौकट आणि सोडियमद्वारांना जागी ठेवणारी प्रथिने कापू लागते. द्वारांचे पुंजके विखुरतात, नोडजवळ मायेलिनची टोके सुटतात, आणि संदेश त्या जागी येऊन थांबतो. येथपर्यंत तंतू जिवंत असतो, म्हणून काही रुग्ण आठवड्यांत चालू लागतात. त्यापुढे गेल्यास अक्षतंतूच मरतो, आणि मग वर्षे लागतात. एकच प्रतिपिंड दोन रुग्णांना इतक्या भिन्न वाटांनी का नेते याचे मोठे कारण हल्ला किती पुढे गेला होता यात आहे. शिवाय गँग्लिओसाइडे पटलावर एकटी नसतात. जीडी१ए शेजारी असता जीएम१ झाकले जाते आणि प्रतिपिंडाला ते दिसत नाही, तर कधी दोन गँग्लिओसाइडे मिळून असे नवे रूप घेतात की त्या जोडीलाच ओळखणारे प्रतिपिंड आढळते, जे एकेका द्रव्याच्या चाचणीत निसटून जाते. म्हणून चाचणी नकारार्थी आली म्हणजे रोग प्रतिपिंडाचा नाही असे म्हणणे घाईचे ठरते.

या सर्व शास्त्राला एक दुःखद दाखला महाराष्ट्रातच मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या बाजूस, जीबीएसच्या रुग्णांची लाट आली. दोनशेच्या वर रुग्णांची नोंद झाली, दहाच्या वर मृत्यू झाले, आणि अनेकांना कृत्रिम श्वासोच्छ्वासयंत्रावर ठेवावे लागले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासलेल्या काही मलनमुन्यांत कँपायलोबॅक्टर जेजुनी आणि काहींत नोरोव्हायरस सापडला, आणि लक्ष नांदेड गावच्या विहिरीकडे, महापालिकेच्या हद्दीत नुकत्याच आलेल्या गावांच्या अशुद्ध पाणीपुरवठ्याकडे गेले. वर्षभरात दर लाखाला एक-दोन असे जिचे सामान्य प्रमाण, ती व्याधी एका शहराच्या एका कोपऱ्यात एवढी वाढली, तेव्हा तिचे कारण रुग्णांच्या प्रतिकारसंस्थेत शोधण्याआधी नळाच्या तोंडाशी शोधणे प्रशासनाचे कर्तव्य होते. कँपायलोबॅक्टर पोटात गेलेल्या हजार किंवा त्याहून अधिक माणसांत एखाद्यासच जीबीएस होतो. अर्थात् रुग्णालयात दाखल झालेल्या प्रत्येकामागे अतिसार होऊन बऱ्या झालेल्या कित्येक घरांची मालिका असते, आणि तिची गणती झालेली नसते. पाण्यात क्लोरीन योग्य प्रमाणात असणे हा या स्वप्रतिकारजन्य रोगाचा उत्तम प्रतिबंध आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. प्रतिपिंडाचे शास्त्र जेवढे सूक्ष्म होत जाते तेवढे हे विधान अधिक पक्के होते.

तीव्र रोगाचा हा प्रकार सोडून मंदगती व्याधींकडे वळले म्हणजे प्रतिपिंडांची दुसरीच कार्यपद्धती दिसते. दोन महिन्यांहून अधिक काळ वाढत जाणाऱ्या, हातापायांची शक्ती आणि संवेदना दोन्ही हरणाऱ्या दाहक मज्जाविकाराला, १९७५ साली डिक यांनी नीट ओळख दिलेल्या, सीआयडीपी म्हणतात. त्याला बऱ्याचदा स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन लागू पडतात. परंतु त्या नावाखाली गोळा केलेल्या रुग्णांत एक लहानसा गट, दहा टक्क्यांच्या आतबाहेरचा, असा होता की नेहमीचे उपचार निष्फळ ठरत, हात थरथरत आणि तोल फार लवकर जाई. २०१२ आणि २०१३ च्या सुमारास या रुग्णांच्या रक्तात न्यूरोफॅसिन-१५५ आणि काँटॅक्टिन-१ यांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, आणि ती आयजीजी-४ वर्गाची निघाली. हा वर्ग पूरक प्रथिनांना जागे करीत नाही, भक्षक पेशींना बोलावीत नाही; तो केवळ दोन प्रथिनांमध्ये आड येऊन त्यांची जोडणी तोडतो, आणि मायेलिनची टोके अक्षतंतूपासून हळूहळू सुटतात. पूरक प्रथिनांच्या किंवा दाहाच्या मार्गावर काम करणारे इम्युनोग्लोब्युलिन येथे अपुरे पडते ते यामुळे, आणि प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या बी-पेशींच्या वंशाला आळा घालणारे रितुक्सिमॅब येथे अनेकांना उठवून चालविते ते यामुळे. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शनात या गटाला सीआयडीपीतून काढून ‘स्वप्रतिकारजन्य नोडोपॅथी’ असे स्वतंत्र स्थान मिळाले. वर्गीकरणातील हा बदल मला कागदी वाटत नाही, कारण यामुळे रुग्णाच्या औषधाचा हुकूम बदलतो.

आयजीएम वर्गाच्या प्रतिपिंडांचा मुलूख निराळा आहे. मायेलिनशी निगडित असलेल्या एका शर्करायुक्त प्रथिनाविरुद्धची, एमएजी-विरोधी, प्रतिपिंडे बहुधा वृद्ध पुरुषांत, बी-पेशींच्या एकाच कुळाने अखंड ओतलेल्या आयजीएमच्या रूपाने, आढळतात. तळपाय बधिर होतात, हात कापतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मायेलिनच्या थरांमधील अंतर वाढलेले दिसते. हा रोग वर्षानुवर्षे रेंगाळतो. या उलट, जीएम१-विरोधी आयजीएम असलेल्या बहुकेंद्री प्रेरक मज्जाविकारात (१९८८ साली पेस्ट्राँक यांनी ही सांगड दाखविली) संवेदना सुरक्षित राहते आणि फक्त शक्ती जाते, बहुधा एका हाताचे मनगट खाली पडते; या रुग्णांना असाध्य प्रेरक-चेतापेशीविकार झाल्याचे सांगितले जाऊन त्यांची आशा संपते, हे टाळण्याजोगे दुःख आहे, कारण इम्युनोग्लोब्युलिनने त्यांना उतार पडतो. मात्र स्टेरॉइड दिल्यास ते बिघडू शकतात. म्हणजे एकाच जीएम१ विरुद्ध दोन वर्गांची प्रतिपिंडे दोन रोग निर्माण करतात. आयजीजी झपाट्याने, आयजीएम वर्षांच्या कालावधीत.

इतके झाल्यावर ज्या जागी पुरावा अपुरा आहे ती जागाही दाखविली पाहिजे. पाश्चात्य देशांत जीबीएसचा जो प्रकार सर्वाधिक आढळतो आणि आपल्याकडेही विपुल आहे, तो मायेलिनचा नाश करणारा तीव्र प्रकार. त्याच्या रुग्णांत श्वान पेशींच्या बाह्य पृष्ठावर पूरक प्रथिने आढळतात, प्लाझ्मा बदलल्याने त्यांना उतारही पडतो, आणि तरी नेमके कोणते प्रतिपिंड कोणत्या रेणूवर चालून जाते हे आजवर ठरलेले नाही. २०२४ साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या रक्तात मायेलिनमधील पी-शून्य, पी-दोन आणि पीएमपी-२२ या प्रथिनांना ओळखणाऱ्या टी-पेशी दाखविल्या. तेव्हा वाक्समन आणि अ‍ॅडम्स यांच्या सशांनी ज्या बाजूस बोट दाखविले होते ती बाजू पुन्हा दृष्टिपथात आली आहे. प्रतिपिंडाची कथा सुसंगत आहे म्हणून तिला सर्व जीबीएसवर अंमल गाजवू द्यावा, असे वाटणे स्वाभाविक असले तरी न्याय्य नव्हे.

उपचारांकडे पाहिले की हीच वर्गवारी उपयोगी पडते. १९७८ साली केलेल्या चाचणीत स्टेरॉइडने जीबीएसला गुण आला नाही. १९८५ साली प्लाझ्मा बदलण्याचे, आणि १९९२ साली नेदरलँड्समध्ये इम्युनोग्लोब्युलिनचे फळ सिद्ध झाले. इम्युनोग्लोब्युलिन हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून तयार होते, वजनाच्या दर किलोला ०.४ ग्रॅम याप्रमाणे पाच दिवस द्यावे लागते, आणि सामान्य कुटुंबाची कंबर मोडेल इतके महाग असते. म्हणून दक्षिणेतील अनेक रुग्णालयांत प्लाझ्मा बदलण्यावर भर राहिला, आणि बांगलादेशातील वैद्यांनी २०१८ साली अल्प परिमाणाने, साध्या साधनांनी प्लाझ्मा बदलण्याची जी पद्धत सुरक्षित असल्याचे दाखविले, तिचे मोल आपल्या जिल्हा रुग्णालयांनी ओळखावे असे मला वाटते. इम्युनोग्लोब्युलिनचा दुसरा डोस गुण न आलेल्या रुग्णांना लाभत नाही हे २०२१ च्या चाचणीने ठरविले. आता पूरक प्रथिनांचा मार्गच अडविण्याचे प्रयत्न चालू आहेत : सी५ रोखणाऱ्या एक्युलिझुमॅबची चाचणी जपानमध्ये झाली, तर सी१क्यू रोखणाऱ्या औषधाची चाचणी बांगलादेश आणि फिलिपीन्समधील रुग्णांवर होऊन २०२४ साली तिचे अनुकूल निष्कर्ष जाहीर झाले. त्याच वर्षी आयजीजी प्रतिपिंडांचे आयुष्य कमी करणारे एफगार्टिगिमॉड सीआयडीपीसाठी अमेरिकेत मंजूर झाले.

तंजावर मेडिकल कॉलेजसारख्या सरकारी रुग्णालयात रात्री एखादा शेतकरी चार दिवसांपूर्वी अतिसार झाला आणि आज जिना चढवेना अशी साधी तक्रार घेऊन आला, तर प्रतिपिंडाच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही. एका श्वासात किती अंक मोजता येतात, उशीवरून मान उचलता येते काय, नाडी आणि रक्तदाब अकारण वर-खाली होतात काय, हे दर काही तासांनी पाहिले पाहिजे. कारण सुमारे पंचवीस टक्के रुग्णांना श्वासोच्छ्वासयंत्र लागते, आणि उत्तम शुश्रूषेतही विसांपैकी एखादा दगावतो. गँग्लिओसाइड-प्रतिपिंडांची चाचणी निदानास दुजोरा देते, उपचाराचा आरंभ करीत नाही. उलट जो रुग्ण आठवड्यांनी पुन्हा बिघडतो, थरथरतो आणि इम्युनोग्लोब्युलिनला दाद देत नाही, त्याच्या बाबतीत न्यूरोफॅसिन आणि काँटॅक्टिन यांची चाचणी टाळणे हा प्रमाद होय. आणि सोमल, शिसे, कुष्ठ, मधुमेह यांचा तपास प्रत्येकाच्या बाबतीत आधीच झालेला असावा.

सुमारे वीस टक्के रुग्ण सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालू शकत नाहीत. मेलेला अक्षतंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने. कंबरेच्या मुळापासून पायाच्या बोटापर्यंतचे अंतर प्रौढ माणसात एक मीटरच्या घरात असते, म्हणजे हजार दिवसांचा प्रवास, आणि तोही स्नायू तोवर तग धरून राहिला तर. प्रतिपिंड नोडवर बसल्यापासून कॅल्शियम आत घुसेपर्यंतचा काळ मात्र तासांत मोजला जातो. तेव्हा सी१क्यू किंवा सी५ रोखणारे औषध रुग्णाच्या पायांत शक्ती असेतोपर्यंत, पहिल्या आठवड्यातच, त्याच्या रक्तात पोहोचले तर त्याचा उपयोग, आणि ते पोहोचावे यासाठी जिल्हा पातळीवरील वैद्याला रोग पहिल्या दिवशी ओळखता आला पाहिजे, औषध त्याच्या कोठारात असले पाहिजे, आणि त्याची किंमत सरकारी दप्तराला पेलणारी असली पाहिजे.